हरभट रोडमागची इंग्रजी भुतं

सांगलीत हरभट रोडला लागून असलेल्या एका बोळात, लग्नपत्रिकांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. नाव-पत्ता छापू नका असं मालकांनी बजावलंय, म्हणून छापत नाही. नादिष्ट माणसाला ते दोन ठिकाणी विचारून सापडेल, आणि ज्याला नाद नाही त्याला सापडून उपयोग नाही. जिना अरुंद आणि अंधारा आहे. आत शिरलं की डाव्या हाताला लोखंडी मांडणीच्या तीन फळ्या आहेत आणि वर खडूनं लिहिलंय, 'भुतं, इंग्रजी, फर्स्ट'. हे परीक्षण त्या तीन फळ्यांचं आणि तिथूनच चालणाऱ्या 'बाहेरून मागवून देतो' या सेवेचं.

निकाल आधीच सांगतो. फळ्यांवर दीडशेच्या आसपास पुस्तकं आहेत. त्यांतली पंचवीसेक खरोखर पहिल्या आवृत्तीची. बाकीची तिच्या जवळच्या नात्यातली, लांबच्या नात्यातली आणि काही नुसतीच आडनावबंधू. किमती मात्र, एखादा अपवाद सोडला तर, सगळ्यांना एकाच पट्ट्यात, दोनशेपासून बाराशेपर्यंत. ज्याला ओळखता येतं त्याची चांदी आहे. जो खडूवर विश्वास ठेवेल तो मात्र हमखास आपटणार. यात लबाडी नाही. मालकांच्या लेखी जाड पुठ्ठ्याचं, पिवळ्या कागदाचं आणि स्वातंत्र्याआधीचं इंग्रजी पुस्तक म्हणजे फर्स्ट, एवढा साधा हिशोब आहे.

घोटाळ्याचं मूळ आपल्याच सवयीत आहे. मराठी प्रकाशक तोच मजकूर पुन्हा छापतो आणि 'आवृत्ती दुसरी' म्हणतो. इंग्रजी पुस्तकांच्या व्यापारात आवृत्ती आणि मुद्रण वेगळं मोजतात. एकदा जुळवलेल्या खिळ्यांवरून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवरून, जेवढं म्हणून छापलं ती सगळी एक आवृत्ती, आणि त्यातली छपाईची एकेक खेप म्हणजे एकेक मुद्रण. त्यांच्या बोलीत इम्प्रेशन. संग्राहक जिच्यामागे धावतो ती पहिल्या आवृत्तीची पहिली खेप. सातव्या खेपेचं पुस्तक नियमानं पहिल्याच आवृत्तीचं असू शकतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

फळीवरचंच उदाहरण घ्या. या प्रांतातलं दैवत म्हणजे एम. आर. जेम्स. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला हा विद्वान ख्रिसमसच्या रात्री मित्रांना वाचून दाखवायला भुताच्या गोष्टी लिहायचा. त्याचे चार संग्रह लंडनच्या एडवर्ड अर्नल्डनं काढले: १९०४, १९११, १९१९ आणि १९२५. मग १९३१ मध्ये त्याच प्रकाशकानं गोष्टींचा एकत्रित ग्रंथ काढला आणि तो पुढे पुन्हापुन्हा छापला गेला. दुकानात या एकत्रित ग्रंथाच्या तीन प्रती आहेत, तिन्हीवर पेन्सिलीनं 'फर्स्ट १९३१'. दोन प्रतींत शीर्षकपानाच्या पाठीवर पुढच्या मुद्रणांची वर्षं ओळीनं दिलेली आहेत, म्हणजे प्रश्नच मिटला. तिसरीचं शीर्षकपानच गायब आहे. शीर्षकपान नसलेलं पुस्तक म्हणजे सातबारा नसलेली जमीन. वाचायला घ्या, संग्रहाला नको. तिन्हींना प्रत्येकी नऊशे मागतात. वाचनप्रत म्हणून तीनशे द्यायला हरकत नाही.

१९०४ चा पहिला संग्रह या फळ्यांवर नाही आणि सांगलीत तो कुठल्या फळीवर अवचित भेटेल अशी आशाही धरू नये. तिकडे त्याला हजारांत पौंड मोजतात. पण तपासायचं कसं हे शिकायला त्याच्याइतका चांगला नमुना नाही. त्यात आठ गोष्टी आहेत आणि जेम्स मॅकब्राइडनं काढलेली चित्रं फक्त चार: कॅनन अल्बेरिकच्या गोष्टीला दोन, शिट्टीच्या गोष्टीला दोन. मॅकब्राइड जेम्सचा मित्र. चित्रं पुरी व्हायच्या आत, १९०४ मध्येच तो वारला आणि जेम्सनं दुसरा चित्रकार घेतला नाही. त्यामुळे बाकीच्या सहा गोष्टींना चित्र नाही म्हणून पुस्तक अपुरं ठरत नाही. चारांतलं एक जरी कमी असलं तरी मात्र ते अपुरं. चित्रांची पानं वेगळ्या कागदावर छापून चिकटवलेली असतात, ती सगळ्यात आधी निसटतात किंवा कुणीतरी ब्लेडनं कापून चौकटीत लावतं. कापलेल्या पानाचा दोन-तीन मिलिमीटरचा काठ शिवणीपाशी उरतो. पुस्तक अर्धं उघडून बोट आतल्या घळीतून वरून खाली फिरवलं की तो लागतो.

पानं पुरी आहेत की नाहीत हे बघायला पृष्ठांक पुरत नाहीत. सुरुवातीची आणि चित्रांची पानं बहुधा त्या मोजणीत नसतात. म्हणून फर्मे, म्हणजे एकेक ताव छापून घडी घातला की होणारे पानांचे जुडगे, मोजायचे. जुन्या इंग्रजी पुस्तकात दर सोळा पानांनी, पहिल्या पानाच्या तळाशी, एक बारीक रोमन अक्षर दिसतं: बी, सी, डी असं पुढे. ती बाइंडरची खूण. शिवणीत फर्मा मागेपुढे होऊ नये म्हणून छापलेली. या वर्णमालेत तेवीसच अक्षरं धरतात. जे, व्ही आणि डब्ल्यू नसतात. आयनंतर थेट के आला की नवखा माणूस फर्मा गळाला म्हणून पुस्तक खाली ठेवतो. गळालेलं काही नसतं. मजकूर बहुधा बीपासून सुरू होतो, कारण ए हा फर्मा शीर्षक आणि प्रस्तावनेसाठी राखलेला. दीडशे फर्स्टांच्या फळीवर हे करायला प्रत्येकी तीन मिनिटं लागतात. मालक घाई करत नाहीत, उलट "बघा की निवांत" म्हणून स्टूल पुढे सरकवतात. ही या दुकानाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर एवढी उसंत कुणी देत नाही.

शीर्षकपानाआधी एक जवळजवळ कोरं पान असतं, त्यावर फक्त पुस्तकाचं नाव. याला हाफ टायटल म्हणतात. पुन्हा बांधणी करताना बाइंडर ते बिनकामाचं समजून फेकतो. ते नसलं की भाव खाली येतो. शेवटी प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी जोडलेली असेल तर तिच्यावरची तारीख बघावी. पुस्तक १९०६ चं आणि यादी १९०९ ची असेल तर फर्मे १९०६ चे असले तरी बांधणी तीन वर्षांनंतरची. असं खूप व्हायचं. प्रकाशक सगळे फर्मे एकदम छापून ठेवायचा आणि मागणी येईल तसे बांधून घ्यायचा.

आता आडनावबंधूंबद्दल. मधल्या फळीवर चामडी पाठीची, सोनेरी अक्षरांची बारा-पंधरा देखणी पुस्तकं आहेत. ही हल्ली देशातच मागणीप्रमाणे छापतात. जुन्या पुस्तकाचं स्कॅनिंग करून जसंच्या तसं छापायचं आणि वर नवी बांधणी चढवायची. स्कॅन जसाच्या तसा असल्यानं शीर्षकपानावर मूळ प्रकाशक आणि मूळ साल दोन्ही येतं. अल्जर्नन ब्लॅकवुडच्या पहिल्या संग्रहावर एव्हली नॅश, लंडन, १९०६ असं व्यवस्थित वाचता येतं, आणि तेवढं वाचून लोक बाराशे देऊन जातात. ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. कागद एकसारखा पांढरा असतो, घडीतही पिवळा पडलेला नसतो. पाठीकडून बघितलं तर फर्मे शिवलेले दिसत नाहीत, सुटी पानं डिंकानं चिकटवलेली असतात. समासात स्कॅनरची करडी सावली उमटलेली असते, कधी मूळ वाचनालयाचा शिक्कासुद्धा काळ्या रंगात छापून आलेला असतो. आणि पानाच्या मागून बोट फिरवा. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं, मागच्या बाजूला त्याचा उठाव लागतो. स्कॅनवरून छापलेलं पान सपाट लागतं.

याच जातीचं, पण जास्त फसवं प्रकरण काउंटरमागच्या काचेच्या कपाटात आहे: डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल', शीर्षकपान लाल-निळं, साल १८४३. मूळ पुस्तक १९ डिसेंबर १८४३ ला पाच शिलिंगला निघालं. त्यात जॉन लीचची चार रंगीत चित्रं आहेत आणि रंग हातानं भरलेले आहेत. पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर 'स्टेव्ह' (डिकन्स इथे प्रकरणाला हेच म्हणतो) या शब्दापुढे रोमन एक असेल तर आधीच्या प्रती, अक्षरी 'वन' असेल तर नंतरच्या. आतल्या अस्तराचा कागद हिरवा की पिवळा यावरून तर जाणकारांत पिढ्यानपिढ्या वाद झालेत. कपाटातल्या प्रतीत या सगळ्या खुणा बरोब्बर आहेत, कारण ती हुबेहूब नक्कल म्हणूनच काढलेली आहे. दहापट भिंगाखाली लीचच्या चित्रातला लाल रंग बारीक ठिपक्यांचा दिसतो. हातानं भरलेल्या रंगाला ठिपके नसतात. तो सलग असतो आणि कुठेतरी रेघेबाहेर सांडलेला असतो. मालकांनी चिठ्ठीवर 'नक्कल' असं लिहिलंय खरं, पण चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या बाजूला आहे. ती पुढे आणावी.

एवढं सगळं वजा करूनही हे दुकान जाण्यासारखं का, याचं उत्तर सगळ्यात खालच्या फळीवर आहे. तिथे बसून बघावं लागतं. पाचगणी-महाबळेश्वरचे बंगले, जुन्या शाळा, साताऱ्यातली विकली गेलेली घरं यांतून आलेली पुस्तकं तिथे आहेत आणि त्यांत मोठा भाग कलोनियल आवृत्त्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडचे प्रकाशक हिंदुस्थान आणि इतर वसाहतींसाठी वेगळी, स्वस्त बांधणी काढायचे. मॅकमिलनची कलोनियल लायब्ररी १८८६ मध्ये सुरू झाली, पुढे बेलची आणि इतरांच्या आल्या. ही प्रत फक्त हिंदुस्थान आणि वसाहतींत विकण्यासाठी, असं त्यांवर छापलेलं असतं. पुष्कळदा आतले फर्मे लंडनच्या पहिल्या खेपेचेच असतात, फक्त शीर्षकपान आणि कापड निराळं. लंडनचा संग्राहक त्यांना वर्षानुवर्षं दुय्यम मानत आला, त्यामुळे भाव वाढले नाहीत. पण त्या मुळात कमी छापल्या, आपल्या हवेत टिकल्या त्याहून कमी, आणि ज्या टिकल्या त्या इथेच सापडणार. सांगलीत बसून इंग्रजी भुतांचा संग्रह करायचा तर तो याच बाजूनं करण्यात अर्थ आहे. लंडनच्या माणसाशी त्याच्या अंगणात पैशानं स्पर्धा करण्यात नाही.

आणि या बाजूचं सगळ्यात मोठं भूत तर अलाहाबादला जन्मलं. किपलिंगचं 'द फँटम रिक्षा' १८८८ मध्ये ए. एच. व्हीलर आणि कंपनीनं इंडियन रेल्वे लायब्ररीचं पाचवं पुस्तक म्हणून काढलं. किंमत एक रुपया, रेल्वे फलाटावर विकायला. चार गोष्टी आहेत. पहिली सिमल्याच्या रस्त्यावर दिसणाऱ्या रिक्षाची, शेवटची राजा व्हायला निघालेल्या दोन भामट्यांची. रिक्षाची गोष्ट त्याआधी १८८५ मध्ये लाहोरच्या 'क्वार्टेट' या ख्रिसमस अंकात आली होती, पण पुस्तकरूपानं पहिलं ते हेच. मुखपृष्ठाचं चित्र किपलिंगचे वडील लॉकवुड यांचं, पातळ करड्या-हिरव्या कागदावर. दोन वर्षांनी लंडनच्या सॅम्पसन लो या प्रकाशकानं हीच मालिका तिकडे काढली. म्हणून मुखपृष्ठ बघून हरखून जाऊ नये, शीर्षकपानावर लंडनचं नाव आहे का ते पाहावं.

दुकानात अलाहाबादची एक प्रत आहे. नऊ हजार सांगतात. आतली पानं पुरी आहेत, कागद ठिसूळ पण धड आहे. दुर्दैव असं की कुठल्याशा वाचनालयानं ती लाल रेक्झिनमध्ये बांधून घेतली. बांधताना मुखपृष्ठाचा कागद फेकून दिला आणि तिन्ही कडा मशीनवर कापल्या. वरचा समास इतका छाटलाय की काही पानांवर पृष्ठांकाचं डोकं उडालंय. या मालिकेत किमतीचा मोठा वाटा त्या पातळ मुखपृष्ठाचाच असतो. पाच हजारांच्या वर ही प्रत घेऊ नये. वर प्रत्येक पन्नासाव्या पानावर वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक आहे, 'निर्लेखित', म्हणजे वाचनालयानं रीतसर काढून टाकल्याची खूण, मात्र कुठेच नाही. असं पुस्तक घेताना दुकानदाराकडून बिलावर दाखल क्रमांकासकट नोंद करून घ्यावी. उद्या कुणी विचारलं तर पुस्तक चोरीचं नाही हे दाखवता आलं पाहिजे. मालक बिल मागितल्यावर देतात, आपणहून देत नाहीत.

सांगलीत पुस्तक घेताना जी तपासणी पुण्यात करावी लागत नाही ती पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी इथल्या घराघरांतली कपाटं धुऊन काढली. दुकान पहिल्या मजल्यावर असल्यानं दुकानातला माल भिजलेला नाही. पण घराघरांतून येणाऱ्या मालाचं तसं नाही. वाळवून, इस्त्री करून आणलेलं पुस्तक वरून बरं दिसतं. भिजलेल्या पुस्तकाच्या पानावर पाण्याची तपकिरी रेघ असते, कारण पाणी कागदातला मळ ओढत नेतं आणि जिथे वाळतं तिथे टाकतं. इस्त्रीनं पान सपाट होतं, रेघ जात नाही. दुसरी खूण शिवणीच्या घळीत. पुस्तक पूर्ण उघडून पांढऱ्या कागदावर पाठीकडून हलकं आपटलं की कृष्णेचा बारीक गाळ भुकटीसारखा पडतो. तो कधीच पुरता निघत नाही, आणि ओलसर हवा धरून ठेवतो. तिसरी म्हणजे लाल किंवा जांभळ्या कापडाचा रंग अस्तराच्या कागदावर गुलाबी होऊन उतरलेला असतो. चौथी सगळ्यात वाईट. चित्रांचा गुळगुळीत कागद मातीच्या लेपाचा असतो. ओला झाला की लेप विरघळतो आणि वाळताना समोरच्या पानाला चिकटून दगड होतो. ओढून सोडवायला गेलं की चित्र सोलून निघतं. ते परत ओलं करून सुटत नाही. खालच्या फळीवर अशी दोन पुस्तकं आहेत. त्यांतल्या एकाची चिकटलेली पानं मालकांनी पट्टीनं सोडवायचा प्रयत्न केलेला दिसतो.

महाबळेश्वरकडच्या पुस्तकांचा रोग वेगळा. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पुस्तक भिजावं लागत नाही, हवाच पुरते. पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येतात, व्यापारात त्याला फॉक्सिंग म्हणतात. बुरशी आणि कागदातले लोखंडाचे कण दोन्ही याला कारण मानतात. थोडे ठिपके चालतात, शंभर वर्षांच्या पुस्तकाला ते असणारच. मात्र पान पुसल्यावर बोटाला पांढरट भुकटी आली, किंवा उघडल्याबरोबर ओल्या तळघराचा वास आला, तर बुरशी जिवंत आहे. ते पुस्तक घरच्या कपाटात नेऊ नये. दुकानात ही पुस्तकं बाकीच्यांना चिकटूनच ठेवलेली आहेत. ती आधी वेगळी करायला हवीत.

धुळीचं वेष्टण, म्हणजे डस्ट जॅकेट, या फळ्यांवर जवळजवळ नाहीच. १९२० च्या आधी तो कागद दुकानातून घरी आला की फेकायचा, अशीच रीत होती. त्यामुळे त्या काळातलं पुस्तक जॅकेटविना असलं तर वाईट वाटून घेऊ नये, आणि जॅकेटसकट असलं तर आधी शंका घ्यावी. अलीकडच्यांत सुझन हिलचं 'द वुमन इन ब्लॅक' शोधणारे बरेच आहेत. त्याची पहिली आवृत्ती हॅमिश हॅमिल्टनची, १९८३, पुठ्ठा बांधणी, आत जॉन लॉरेन्सची चित्रं. दुकानात आहे ते पेपरबॅक, तेही 'फर्स्ट'. अशा नव्या पुस्तकांत शीर्षकपानाच्या पाठीवर आकड्यांची ओळ असू शकते. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे मुद्रण. एक दिसला तर पहिलं, तीनपासून सुरुवात असेल तर तिसरं.

वरच्या फळीवर कोपऱ्यात मिल्स अँड बूनचा शिक्का असलेलं एक पुस्तक आहे. प्रेमकथा चुकून इकडे आली म्हणून गिऱ्हाइकं ते बाजूला सारतात. सारू नये. ही कंपनी १९०८ मध्ये निघाली तेव्हा सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची, आणि ई. एफ. बेन्सनचा भुतांचा पहिला गाजलेला संग्रह 'द रूम इन द टॉवर' १९१२ मध्ये तिनंच छापला. इथली प्रत नंतरच्या मुद्रणाची आहे, पाठ उन्हानं फिकटलेली, तरी चारशेला घेण्यासारखी.

आता मागवून देण्याची सेवा. मालकांचा मुलगा परदेशी विक्रेत्यांच्या याद्या बघून पुस्तक मागवतो आणि पुस्तकाच्या किमतीवर पंधरा टक्के घेतो. टपाल आणि कर वेगळा. वर्णनं समजावून सांगण्यात तो बापापेक्षा तयार आहे. या व्यापारात 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे. फाइन, निअर फाइन, व्हेरी गुड आणि मग गुड, म्हणजे जेमतेम. तिरकी रेघ देऊन दोन शेरे लिहिलेले असतील तर पहिला पुस्तकाचा, दुसरा जॅकेटचा. रेघेपुढे नुसतं टिंब किंवा आडवी रेघ असेल तर जॅकेट नाही. 'एक्स-लिब' म्हणजे वाचनालयातून काढलेलं. 'प्राइस क्लिप्ड' म्हणजे जॅकेटच्या आतल्या घडीवरचा किमतीचा कोपरा कापलेला. जॅकेट फॅक्सिमिली, म्हणजे हुबेहूब नक्कल, असेल तर प्रामाणिक विक्रेता तसं सांगतो. मुलगा शीर्षकपान, त्याची पाठ, पुस्तकाची पाठ, दोन्ही बिजागऱ्या (पुठ्ठा पाठीला जोडलेला असतो ती जागा) आणि जॅकेटच्या घड्या असे पाच फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवत नाही. ही पद्धत उत्तम.

कमी पडतं ते खर्चाच्या अंदाजात. २०१९ च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क लागलं. मागवायच्या दिवशीचा दर आणि त्यावरचे अधिभार विचारून लेखी घ्यावेत. कुरियरनं आलं तर कंपनी ओळखपत्र मागते आणि आपला हाताळणी खर्च वेगळा लावते. छोट्या रकमेच्या पुस्तकाला तो पुस्तकाच्या निम्म्याएवढा होऊ शकतो. टपालानं स्वस्त पडतं, पण पार्सल मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयातून निघून सांगलीत यायला किती दिवस लागतील याचा नेम नाही. दुकानाचा कागद 'सर्व खर्च धरून अंदाजे' एवढंच सांगतो. प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा. आणि जून ते सप्टेंबर मागवायचं असेल तर पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि कोपऱ्यांना टोप्या असं बांधायला विक्रेत्याला कळवायला लावा. आपल्याकडे उघड्या टेम्पोतून पार्सल येतं, हे त्या विक्रेत्याला ठाऊक नसतं.

दुकान दुरुस्तीही करून देतं. ती मात्र करू नये. त्यांचा बाइंडर कसबी आहे, शाळेची वही किंवा ज्ञानेश्वरी त्याच्याकडून जन्मभर टिकेल अशी बांधून घ्यावी. पण त्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद असतो. मोरचुदातलं तांबं कागदाला हळूहळू तपकिरी आणि ठिसूळ करतं. पाठीला तो फेव्हिकॉल लावतो, जो नंतर निघत नाही, आणि कडा सारख्या करायला मशीनवर घेतोच. पहिल्या आवृत्तीची सुटलेली बिजागरी तशीच ठेवून पुस्तक सुती फितीनं बांधून ठेवलं तर किंमत टिकते. नवी पाठ चढवली तर निम्म्यावर येते. तातडीची गरज असेल तर गव्हाच्या निव्वळ सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद, एवढंच. पिठाची खळ नको. पिठातल्या चिकट भागावर कीड येते.

किमतीचे स्टिकर ही या दुकानाची खोड. ते थेट कापडावर किंवा जॅकेटवर चिकटवतात. ओढून काढू नये, कापडाचा रंग सोबत येतो. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा हातभर अंतरावरून वीस-तीस सेकंद दिली की गोंद सैल होतो, मग कोपऱ्यातून सावकाश उचलावं. मालकांना सांगितलं तर नव्या मालाला ते चिठ्ठीच घालतात, पण सांगावं लागतं.

काउंटरवर पारदर्शक कव्हरंही मिळतात. दोन प्रकार आहेत. मऊ, वास येणारं ते पीव्हीसी, ते घेऊ नका. त्यातलं तेलकट रसायन काही वर्षांत छपाई उचलतं. कडक, कुरकुर वाजणारं ते पॉलिएस्टर, पन्नास मायक्रॉनचं. ते घ्या, मीटरला थोडे जास्त पडतात. खाकी कव्हर आणि सेलोटेप दोन्ही पुस्तकाच्या जवळ आणू नयेत. घरी नेलेलं नवं-जुनं पुस्तक थेट कपाटात न ठेवता जाड पिशवीत हवा काढून बंद करावं आणि फ्रीजरमध्ये उणे अठराला दोन आठवडे ठेवावं. कसर आणि तिची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव जमतं. कपाटात डांबर गोळ्यांऐवजी वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून ठेवल्या तरी पुस्तकांचा वास बिघडत नाही. खरा उपाय मात्र आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवणं हाच. आर्द्रतामापक तीन-चारशे रुपयांत येतो आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात पावसाळ्यात तो सहज ऐंशी दाखवतो. कपाट चार बोटं पुढे ओढावं.

दुकान अकरा ते दोन आणि पाच ते साडेआठ उघडं असतं, गुरुवारी बंद. गाडी हरभट रोडवर लावायला जाऊ नये, चालत जावं. सोबत दहापट भिंग, पांढरा कागद आणि लहान टॉर्च न्यावी, कारण खालच्या फळीपर्यंत दिव्याचा उजेड पोचत नाही. पाचगणीकडचा नवा माल बहुधा मे महिन्याच्या शेवटी, बंगले आवरले की येतो. तो पोत्यांत तसाच जिन्याखाली पडलेला असतो, आणि मालकांना विचारलं तर फळीवर लागायच्या आधीच उघडून दाखवतात.